शेजाऱ्यांनी ठेवलेली नावं

चंगीझ खानाने आपल्या हयातीतच मुलांच्या वाटण्या करून दिल्या होत्या. त्या जमिनीच्या नव्हत्या, माणसांच्या होत्या. इतकी कुळं थोरल्या जोचीच्या घराला, इतकी चगताईला, इतकी ओगदेईला, आणि घरची चूल सांभाळणारा म्हणून धाकट्या तोलुईला सगळ्यांत जास्त. या वाट्याला मंगोल लोक ‘उलुस’ म्हणत. उलुस म्हणजे माणसं, त्यांचे तंबू, त्यांचे घोडे नि मेंढ्या. ही जनावरं जिथवर चरतील तिथवरची जमीन आपसूक त्यात आली. आपल्याकडे वाटणी म्हटली की आधी बांध आठवतो आणि त्या बांधावर राबणारी माणसं नंतर. तिकडे उलटं होतं. १२२७ मध्ये चंगीझ वारला तेव्हा त्याच्या राज्याला जे नाव होतं तेसुद्धा लोकांचंच होतं: ‘येके मंगोल उलुस’, म्हणजे थोर मंगोल लोक.

मग तार्तरी, कॅथे, मोगलिस्तान, सोनेरी टोळी, झुंगारिया ही नावं आली कुठून? जुन्या नकाशांत ती अशी ऐटीत पसरलेली असतात की तिथल्या राजांनीच शिक्का मारून दिली असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात एक झुंगारिया सोडलं तर बाकी सगळी बाहेरच्यांनी दिलेली. कुणी घाबरलेल्या पाद्रीबुवांनी, कुणी फारसी मुनशांनी, कुणी रशियन बखरकारांनी, कुणी उंटावरून माल नेणाऱ्या सौदागरांनी. ही नावं एकामागून एक उलगडत गेलो की एक खोड दिसू लागते. जिंकणाऱ्याच्या मुलखाला नाव चिकटतं ते पुष्कळदा हरलेल्याचं. जोचीच्या वंशजांनी किपचाक तुर्कांना पार मोडून काढलं, तरी फारसी ग्रंथांत त्यांचा मुलूख ‘दश्त-ए-किपचाक’, किपचाकांचं माळरान, असाच राहिला. त्याच राज्याचं ‘सोनेरी टोळी’ हे नाव तर नंतरच्या रशियन लेखनातलं, ते राज्य फुटून त्याचे तुकडे झाल्यानंतर रुळलेलं. ज्यांच्यावर ते चिकटवलं त्यांच्यातलं ते ऐकायला कोणी उरलंही नव्हतं.

तातारांची गोष्ट या सगळ्यांत क्रूर. तातार ही मंगोलांच्या शेजारची एक टोळी. तेमुजीन, म्हणजे पुढचा चंगीझ, लहान असताना त्याचा बाप येसुगेई वाटेत तातारांच्या मेजवानीला बसला आणि विषाने मेला. १२०२ मध्ये तेमुजीनने त्यांना गाठलं. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ हा तेराव्या शतकातला ग्रंथ सांगतो की पकडलेल्या तातारांना बैलगाडीच्या चाकाशी उभं करून मापलं गेलं. चाकाच्या खिळीहून जो उंच तो मारायचा. टोळी म्हणून तातार तिथंच संपले. आणि पुढच्या चाळीस वर्षांत चंगीझच्या नातवांचे घोडे पोलंड-हंगेरीत थडकले, तेव्हा युरोपने त्यांना ओळखलं ते ‘तार्तर’ म्हणून! चिनी आणि मुसलमान लेखक पूर्वीपासून माळरानावरच्या कुठल्याही घोडेस्वाराला सरसकट तातार म्हणत, तेच पश्चिमेला पोचलं. आणि तिथं गेल्यावर त्यात आणखी एक ‘र’ शिरला, कारण लॅटिन शिकलेल्या पाद्र्यांना पाताळातल्या ‘तार्तरस’ची आठवण झाली. बापाच्या मारेकऱ्यांचं नाव, आणि वर नरकाचा शिक्का. चंगीझला हे कळलं असतं तर त्या पाद्र्यांनाही त्याने चाकाशी उभं केलं असतं.

भीती ओसरली, नाव राहिलं. १५७० मध्ये अँटवर्पच्या ऑर्टेलियसने आपला प्रसिद्ध नकाशासंग्रह काढला. त्यातला एक नकाशा ‘तार्तरी, म्हणजेच महान खानाचं राज्य’ अशा अर्थाच्या मथळ्याचा आहे. महान खानाची चीनमधली गादी १३६८ मध्येच गेली होती, म्हणजे छापील राज्य खऱ्या राज्याहून दोन शतकं धाकटं. कोलंबसची गोष्टही याच जातीची. १४९२ मध्ये तो निघाला तेव्हा त्याच्यापाशी महान खानाला द्यायचं राजाराणीचं पत्र होतं, आणि क्यूबाला पोचल्यावर त्याने अरबी-हिब्रू जाणणारा एक दुभाषा त्या खानाच्या शोधात आत पाठवला होता. त्याला तिथं तंबाखू ओढणारी माणसं भेटली.

पुढे तार्तरी हे कुठल्या मुलखाचं नाव राहिलंच नाही. माहिती जिथं संपते तिथून पुढे तार्तरी. कॅस्पियनपासून प्रशांत महासागरापर्यंत एकच शब्द, अक्षरांमध्ये भलं मोठं अंतर सोडून छापलेला, कारण मध्ये भरायला दुसरं काही नव्हतं. मग जागा वाटून द्यावी तसे त्याचेही भाग पडले. मांचुरिया-मंगोलियाची ‘चिनी तार्तरी’, बुखारा-खिवाची ‘स्वतंत्र तार्तरी’. १७७१ मध्ये पुऱ्या झालेल्या पहिल्या एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकातही तार्तरी हा आशियाच्या उत्तरेचा अफाट देश म्हणून नोंदलेला आहे. एकोणिसाव्या शतकात रशियन आणि इंग्रज मोजणीदार साखळ्या घेऊन पोचले आणि ही जागा एकेका नदीच्या, शहराच्या, डोंगराच्या नावाने भरत गेली, तसा तो मोठा शब्द मिटत गेला. सखालिन बेट आणि रशियाच्या किनाऱ्यामधली सामुद्रधुनी मात्र अजून तार्तरीची म्हणून ओळखली जाते. १७८७ मध्ये ला पेरूझ हा फ्रेंच दर्यावर्दी तिच्यात शिरला होता. तातारांचा आणि त्या थंडगार पाण्याचा संबंध तेव्हाही नव्हता, आजही नाही. तातार म्हणवणारे लोक आज व्होल्गाकाठी कझान शहराच्या आसपास राहतात, काही हजार किलोमीटर पश्चिमेला.

हे सगळं विसरलं गेलं असतं. पण गेल्या काही वर्षांत इंटरनेटवर तार्तरी पुन्हा उगवली आहे. रशियात सुरू झालेलं हे वेड आता जगभर पसरलंय. म्हणे तार्तरिया नावाचं एक प्रचंड, सुधारलेलं साम्राज्य होतं. जगातल्या साऱ्या भव्य घुमटांच्या इमारती त्यांनीच बांधल्या. मग चिखलाचा पूर आला, आणि सरकारांनी मिळून तो इतिहास दडपला. पुरावा काय, तर जुना नकाशा. एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलंय म्हणजे असणारच. मला या लोकांचा राग येत नाही, गंमत वाटते. पण एक चुटपुटही लागते. नकाशाकाराने रिकामी जागा झाकायला जो शब्द ताणला, त्याच्या ताणण्यातून यांनी राजधान्या उभ्या केल्या. आणि ज्या लोकांनी खरोखर तेवढा प्रदेश घोड्यावरून पालथा घातला, त्यांचा या कथेत कुठं पत्ताच नाही.

कॅथेचं मात्र वेगळं. हे नाव शोधत एक माणूस खरोखर चालत गेला, आणि त्याची सुरुवात आपल्या दाराशी, गोव्यात झाली.

आधी नावाचं मूळ. खितान हे मंगोलांच्याच भाषाकुळाजवळचे लोक. दहाव्या शतकापासून उत्तर चीन आणि आसपासच्या माळरानावर त्यांच्या लियाव घराण्याचं राज्य होतं. ११२५ मध्ये ते बुडालं. पण पश्चिमेकडच्या तुर्क-इराणी सौदागरांच्या तोंडी उत्तर चीन म्हणजे ‘खिताय’ हे बसलं ते बसलंच. पुढे तिथं मंगोल आले, चंगीझचा नातू कुबलाई आला, १२७१ मध्ये त्याने आपल्या घराण्याला ‘युआन’ असं रीतसर चिनी नाव दिलं. त्याच्या दरबारात राहून आलेल्या मार्को पोलोने ते घेतलं नाही. त्याचा उत्तर चीन ‘कॅथे’ आणि दक्षिण ‘मान्झी’. राजधानीला तो ‘खानबालिक’, खानाचं नगर, म्हणतो. त्याच्या पुस्तकामुळे युरोपने दोन-तीन शतकं या कॅथेवर जीव लावला. रशियन भाषेत चीन अजूनही ‘किताय’ आहे आणि खुद्द मंगोलही चीनला ‘ख्याताद’ म्हणतात. बुडालेल्या खितानांचं नशीब थोर.

मग सोळाव्या शतकात पोर्तुगीज समुद्रमार्गे दक्षिणेकडून कँटनला पोचले आणि त्यांना ‘चीन’ भेटला. आपण कॅथेच्याच दक्षिण दारात उभे आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. नकाशांवर दोन देश झाले. खाली चीन, वर कॅथे.

इटलीहून आलेला जेझुइट पाद्री मात्तेओ रिची याला चीनमध्ये राहता राहता शंका आली. पुढे १६०१ पासून तो पेकिंगलाच राहू लागला. तिथं पश्चिमेकडून आलेले मुसलमान सौदागर त्याच शहराला खानबालिक म्हणत आणि देशाला खिताय. रिचीने गोव्याला कळवलं: कॅथे म्हणजेच चीन. गोव्यातल्या आणि लाहोरच्या जेझुइटांना ते पटेना. अकबराच्या दरबारात असलेल्या जेरोम झेवियरला एका वृद्ध सौदागराने छातीठोक सांगितलं होतं की आपण खानबालिकला अनेक वर्षं राहिलो आहोत, तिथं ख्रिस्ती लोक आहेत, देवळं आहेत. चीनमध्ये तर तसं काही नव्हतं. म्हणजे कॅथे निराळाच असला पाहिजे. हरवलेले धर्मबंधू सापडण्याची आशा भूगोलावर अशी मात करते.

शोध घ्यायला निवडला गेला बेंतो द गोइश. जन्म १५६२, अझोर बेटांवरचा. शिपाईगिरी करायला हिंदुस्थानात आला आणि गोव्यात जेझुइटांत साधा बंधू म्हणून दाखल झाला. मध्ये एकदा सोडून गेला, पुन्हा आला. फारसी चांगली बोलायचा, म्हणून झेवियरबरोबर लाहोरला अकबराच्या दरबारी गेला; १६०१ मध्ये अकबराच्या वकिलातीबरोबर गोव्याला परत आला. या माणसाने १६०२ अखेर आग्रा सोडलं. अंगावर आर्मेनियन सौदागराचा झगा, लांब दाढी-केस, नाव अब्दुल्ला. अकबराने पत्रं दिली, पैसे दिले. लाहोरहून पुढच्या वर्षी काफिला निघाला आणि त्याबरोबर गोइश, आणि इसहाक नावाचा एक खरा आर्मेनियन. काबूल, मग पामीरची चढण, जिथं घोडे मरून पडत, आणि १६०३ च्या शेवटी यारकंद. तिथं वर्षभर मुक्काम.

हा मुक्काम कशासाठी, ते कळल्यावर मला चीनच्या दरबाराकडे नव्याने पाहावं लागलं. चीनमध्ये परदेशी सौदागराला सहज शिरता येत नसे. आत येई ती ‘खंडणी घेऊन येणारी वकिलात’. म्हणून यारकंदचा राजा एका धनिकाला काफिल्याचा मुख्य नेमायचा, बाकीचे त्याला पैसे देऊन वकिलातीत जागा विकत घ्यायचे, मग खोटी राजपत्रं तयार व्हायची आणि चीनच्या बादशहाला दूरदूरच्या राजांनी धाडलेली भेट म्हणून हिरवा जेड दगड हद्दीपार जायचा. बादशहाच्या दफ्तरात मांडलिक राजांची संख्या वाढायची, सौदागरांचे खिसे भरायचे. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेलं हे नाटक पिढ्यानपिढ्या चाललं होतं. गोइशनेही जेड घेतला. खोतानच्या सत्तेशी संबंधित एका राजघराण्यातल्या बाईला त्याने वाटेत कर्ज दिलं होतं, त्याची फेड तिने जेडमध्ये केली.

१६०५ मध्ये कराशहरला त्याची गाठ कॅथेहून परतणाऱ्या सौदागरांशी पडली. गोइशने विचारपूस केली तेव्हा ते म्हणाले, खानबालिकला आमच्याच सरायीत काही परदेशी पाद्री होते, बादशहाला घड्याळं भेट देणारे. एकाने केरातून उचललेला कागदाचा तुकडा दाखवला. त्यावर पोर्तुगीज अक्षरं होती. तीन वर्षांच्या पायपिटीचं उत्तर त्या कपट्यावर होतं: रिचीचंच म्हणणं खरं, कॅथे असा वेगळा देश नाही. तो हरखला असं इसहाकाने पुढे सांगितलं. मला आश्चर्य वाटतं ते याचं. ज्या देशासाठी निघालो तो नाहीच असं कळल्यावर हरखणारी माणसं थोडी.

वर्ष संपता संपता तो चीनच्या भिंतीच्या आत सुचाऊला, आजच्या जियुक्वानला, पोचला आणि तिथंच अडकला. पेकिंगला जायची परवानगी मिळेना. रिचीला पत्रं पाठवली, पण चिनी लिपीत पत्ता घालता येत नव्हता; ती फिरत राहिली. जवळचा पैसा संपला, जेड मातीमोल गेला. अखेर रिचीने पाठवलेला एक तरुण चिनी ख्रिस्ती मार्च १६०७ मध्ये पोचला, तोवर गोइश अंथरुणाला खिळला होता. ११ एप्रिलला तो वारला. त्याच्या रोजनिशीत सहप्रवाशांनी घेतलेल्या कर्जाचे आकडे होते. त्याच कारणाने त्यांनी ती फाडून टाकली. उरलेल्या चिंध्या आणि इसहाकाच्या आठवणी जोडून रिचीने प्रवासाची हकीकत लिहिली. रिची १६१० मध्ये गेला आणि १६१५ मध्ये ती लॅटिनमध्ये छापली गेली. कॅथे तरीही एकदम नकाशांवरून गेला नाही. पुढची कित्येक वर्षं नकाशे त्याला उत्तरेला जागा देत राहिले, कारण तांब्याचे कोरलेले पत्रे महाग होते आणि एका आर्मेनियनाच्या साक्षीवर ते कोण पुसणार?

तो इसहाक पेकिंगहून मकावला, तिथून समुद्राने हिंदुस्थानाकडे निघाला. वाटेत डचांनी जहाज पकडलं, मलाक्क्याच्या पोर्तुगीजांनी त्याला सोडवलं. इकडे पोचला तर बायको वारल्याची बातमी. मोगल मुलखात परतून काय करायचं, म्हणून तो चौलला राहिला. आपलं अलिबागजवळचं चौल, तेव्हा पोर्तुगीजांचं. रेवदंड्याच्या त्या ढासळलेल्या तटातून पर्यटक आज सुपारीच्या बागा पाहत जातात. त्या तटाआड पामीर आणि गोबीचा कड तुडवून आलेला माणूस उतारवयात राहत होता हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही.

झुंगारियाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथं विनोदाला जागा नाही. हे नाव त्या लोकांचं स्वतःचं. झुंगार म्हणजे डावा हात, सैन्याची डावी फळी. पश्चिम मंगोलांचं, म्हणजे ओइरातांचं, हे राज्य अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चीनच्या चिंग बादशहांना पुरून उरलं. १७५५ ते १७५८ या काळात चियानलुंग बादशहाच्या फौजांनी ते नुसतं जिंकलं नाही, रिकामं केलं. वेई युआन या चिनी इतिहासकाराने पुढच्या शतकात हिशेब मांडला: दर दहांतले चार देवीच्या साथीत गेले, दोन रशियन आणि कझाक मुलखांत पळाले, तीन फौजेने मारले. त्या प्रदेशाला आणि दक्षिणेच्या वाळवंटाला मिळून शिनच्यांग, ‘नवी सरहद्द’, असं नाव पडलं आणि १८८४ मध्ये तसा प्रांत झाला. झुंगार उरले नाहीत, भूगोलाच्या पुस्तकांत झुंगारियाचं खोरं उरलं. सगळ्या नावांत हे एकच त्या लोकांनी स्वतः घेतलेलं, आणि ज्यांचं ते होतं तेच सगळ्यांत पूर्णपणे नाहीसे झाले.

राहिलं मोगलिस्तान. चगताईच्या उलुसाची चौदाव्या शतकात दोन शकलं झाली. पश्चिमेच्या, समरकंदकडच्या लोकांनी चगताई हे नाव ठेवलं. पूर्वेच्या डोंगराळ भागाला फारसी लेखक मोगलिस्तान म्हणू लागले. मिर्झा हैदर दुघलात या मोगल सरदाराने काश्मीरवर राज्य करता करता ‘तारीख-ए-रशिदी’ लिहिली. तो सांगतो की चगताई लोक मोगलांना ‘जेते’, म्हणजे लुटारू, म्हणत आणि मोगल चगतायांना ‘करौना’, म्हणजे मिसळलेल्या रक्ताचे. एकाच आजोबाची नातवंडं! हैदर बाबराचा मावसभाऊ. बाबराची आई कुतलुग निगार खानम मोगलिस्तानच्या युनुस खानाची मुलगी, बाप तैमूरच्या वंशातला तुर्क. बाबराने स्वतःला बापाकडून मोजलं. आईकडच्या मोगलांबद्दल ‘बाबरनामा’त त्याने जे लिहिलंय ते वाचलं तर वाटतं, आजोळाबद्दल इतकं कडू कुणी लिहीत नाही: लुटालूट करणारे, वेळेला उलटणारे. त्याचं घराणं स्वतःला ‘गुरकानी’ म्हणवत असे, चंगीझच्या घराण्याचे जावई या अर्थाने. पण हिंदुस्थानात वायव्येकडून घोड्यावर येणारा गोरा मुसलमान म्हणजे मोगल, असा सरसकट हिशेब होता. बाबराला जे नाव नको होतं तेच त्याच्या वंशाला कायमचं लागलं.

आणि मग ते आपल्यापर्यंत आलं. जुन्या मराठी कागदांत ‘मोंगल’ असा अनुस्वारही दिसतो. १७२४ मध्ये बुलढाण्यातल्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामुल्मुल्क दख्खनचा जवळजवळ स्वतंत्र धनी झाला. घराणं समरकंदकडचं, वंश पहिल्या खलिफापर्यंत नेणारं. मंगोल रक्ताचा दावा त्यांनी कधी केला नाही. पण दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार, म्हणून पेशव्यांच्या पत्रांत तो ‘मोगल’. पालखेडला घेरला तो मोगल, पुढे खर्ड्याला हरला तो त्याचा मुलगाही मोगल. त्याचा मुलूख ‘मोगलाई’. दिल्लीची बादशाही १८५७ ला संपली तरी मोगलाई संपली नाही. मंगोलिया सोडला तर जगात मंगोलांच्या नावाने चालणारा शेवटचा मोठा मुलूख बहुधा मराठवाडाच असावा, आणि तोही फक्त मराठीत.

माझं आजोळ सीनेच्या काठी, नगर जिल्ह्याच्या बाजूला. पलीकडे बीड जिल्हा, पण आजी त्याला शेवटपर्यंत मोगलाईच म्हणायची. तिथं वेगळा हाली रुपया चाले, नाक्यावर करोडगिरीवाले गाठोडी तपासत. रझाकारांच्या दिवसांत तिकडची कुटुंबं रातोरात नदी ओलांडून अलीकडे आली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद शरण गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्र झाला; तरी कचेरीत कारकून हेलपाटे घालायला लावू लागला की लोक अजून विचारतात, ही काय मोगलाई लागून गेली?

आजीची धाकटी बहीण तिकडे दिलेली. तिच्यापुढे कोणी मोगलाई म्हटलं की ती फणकारायची. आमच्यात मोगल कोण हो, असं विचारायची. मग आमच्या काठाकडे बोट करून म्हणायची, आम्ही तुम्हाला इंग्रजीतले म्हणायचो, ते चाललं ना? आमच्या काठावर तेव्हाही इंग्रज राहत नव्हता. एक साहेब दौऱ्यावर यायचा म्हणे, तोही घोड्यावरून, आणि तगाईचे कागद बघून संध्याकाळच्या आत परत जायचा.